मदत हवी आहे : सोल, हील, सेल, ब्रेड... एकसारखे ऐकू येणारे इंग्लिश शब्द

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातनं लिहितोय. चप्पल लाईनला आमचं दुकान आहे, आजोबांपासनं, आणि आता माल ऑनलाईन टाकायचा ठरल्यामुळं प्रत्येक जोडाची माहिती इंग्लिशमध्ये लिहायचं काम माझ्याकडं आलंय. शाळा मराठी मीडियम, पुढं कॉमर्स, इंग्लिश वाचून समजतं, गिऱ्हाइकाशी बोलता पण येतं. पण दुकानात बसून टाइप करायला सवड मिळत नाही म्हणून मी फोनमध्ये बोलून लिहितो, आणि फोन जे लिहून देतो त्यात स्पेलिंग बरोबर असतं, फक्त शब्दच दुसरा असतो. लाल रेघ येत नाही. मग पकडायचं कसं?

आता बघा, सोल. एस-ओ-एल-ई म्हणजे चपलेचा तळ आणि एस-ओ-यू-एल म्हणजे आत्मा, मी म्हणतो एक आणि कधी हा येतो कधी तो. हील तसंच, डबल ई असली तर टाच, ई-ए असली तर जखम भरून येणं. पेअर तर तीन आहेत, पी-ए-आय-आर म्हणजे जोड, पी-ई-ए-आर म्हणजे नासपती, आणि पी-ए-आर-ई म्हणजे तासणं, सोलणं. यातला तिसरा पण आमच्या धंद्यातलाच निघाला, चामड्याची कड तासून पातळ करतात त्याला तोच शब्द आहे. डायचं सगळ्यात वाईट. डी-वाय-ई म्हणजे रंग, डी-आय-ई म्हणजे मरणं, आणि आयएनजी लावताना रंगवण्यातला ई तसाच राहतो आणि मरण्यातला आय-ई जाऊन वाय येतो, म्हणजे दोन्हींत फरक फक्त एका ई चा.

इथपर्यंत माझं मला कळलं, डिक्शनरीत उच्चार ऐकले तर हे सगळे अगदी सेम आहेत. पण दुसरे काही शब्द आहेत तिथं मी अडकलोय. चपलेवर कातड्याची वेणी असते, ती विणलेली आहे हे सांगायला 'ब्रेडेड' म्हणतो, तर फोन ते पाव लावलेलं, पावाचा चुरा लावून तळतात तसलं काहीतरी समजतो. सेल म्हटलं तर विकणं, विक्री, शिडाचं कापड, बॅटरीचा सेल, चार अर्थ चार स्पेलिंगं. आम्ही पट्टे पण विकतो, त्यात कमरेचं माप लिहायला 'वेस्ट' म्हणावं तर कधी पश्चिम दिशा येते, कधी वाया घालवणं.

माझा प्रश्न असा की हे शब्द खुद्द इंग्लिश माणसाला पण एकसारखेच ऐकू येतात का, का फक्त आपल्या कानाला? सारखेच असतील तर मी वाक्य नीट तपासायला शिकेन, पण वेगळे असतील तर मला बोलायला शिकायला पाहिजे. आणि यादी असेल तर द्या, पण अर्थासकट, नुसती स्पेलिंगं नकोत.

एवढं मनावर घेतोय कारण २०१९ ला कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आपले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार मिळून, आणि आता लांबची माणसं नाव वाचून शोधत येतात. कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, वेणी हातानं घातलेली, त्यात कारागिराचे किती तास गेलेत हे मी डोळ्यानं बघतो. त्याच्या कामाची माहिती चुकीच्या शब्दात जाऊ नये असं फार वाटतं.

प्रतिसाद १

दादा, प्रश्न एकदम मुद्द्याचा विचारलाय. मी इंग्लिश शिकवते, माझ्या वर्गातली मुलं पण नेमकी इथंच अडकतात. तुमचे शब्द दोन जातींचे आहेत.

सोल, हील, पेअर, डाय हे खरेच सारखे. लंडनचा माणूस पण नुसता शब्द ऐकून ओळखू शकणार नाही, त्याला वाक्यच लागतं.

ब्रेड आणि सेल मात्र आपल्याकडं सारखे होतात, कारण मराठीत 'ए' एकच आहे आणि इंग्लिशमध्ये त्या जागी दोन स्वर आहेत. एक आखूड, जिभेला ताण नाही. दुसरा लांबतो आणि शेवटी 'इ' कडं झुकतो, 'एइ' असा. विकणं म्हणजे एस-ई-डबल-एल, हा आखूड, आणि बॅटरीचा सेल पण अगदी तसाच. विक्री एस-ए-एल-ई आणि शिडाचं कापड एस-ए-आय-एल, हे दोन्ही 'सेइल'. म्हणजे चार शब्द, पण आवाज दोनच, आणि मराठीत लिहिताना आपण चारीला 'सेल' लिहितो.

वेणीचा शब्द बी-आर-ए-आय-डी, तो 'ब्रेइड'. पावाचा आखूड. पश्चिम आखूड, आणि कंबर व वाया हे दोन्ही 'वेइस्ट', त्या दोघांत कानाला काही फरक नाही, तिथं स्पेलिंगच बघावं लागेल.

ओळखायची सोपी रीत म्हणजे यमक लावून बघायचं. विकणं हे बेल, टेल (सांगणं) यांच्याशी जुळतं, विक्री जुळते मेल म्हणजे टपाल, टेल म्हणजे शेपूट यांच्याशी. पाव जुळतो लाल रंगाच्या रेडशी, वेणी जुळते पी-ए-आय-डी पेडशी. डिक्शनरीत दोन्ही शब्द पाठोपाठ ऐका आणि मग फोनला म्हणून बघा, ओठ थोडे ताणून 'ब्रेइडेड'. फरक पडेल.

प्रतिसाद २

वरच्या ताईंनी नीट सांगितलंय, मी फक्त हे असं का झालं ते जोडतो कारण कारण कळलं की स्पेलिंग लक्षात राहतं असा माझा अनुभव आहे.

तुमचे हील आणि हील पूर्वी वेगळे बोलले जायचे. डबल ई वाला आवाज वेगळा, ई-ए वाला वेगळा, तोंड जरा जास्त उघडून. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्लिशमधले दीर्घ स्वर हळूहळू सरकले आणि हे दोन एका जागी येऊन मिळाले. इकडं कॅक्स्टननं १४७६ ला इंग्लंडात छापखाना आणला होता, छापील स्पेलिंग जुन्या उच्चारावर घट्ट होत गेलं आणि बोलणं पुढं निघून गेलं. म्हणून समुद्राचं सी आणि बघण्याचं सी, मटणाचं मीट आणि भेटण्याचं मीट, सगळीकडं तोच ई-ए आणि डबल ई चा खेळ दिसतो. विक्री आणि शीड पण एकेकाळी वेगळे ऐकू यायचे, तळ आणि आत्मा पण. स्पेलिंगमध्ये जे विचित्र वाटतं ते बऱ्याचदा जुना उच्चार असतो.

आणि सोलची गंमत तुम्हाला आवडेल. तळ या अर्थाचा शब्द लॅटिनमधल्या 'सोलेआ' वरून आलाय आणि सोलेआ म्हणजे चप्पलच, सँडल! चपट्या माशाला सोल म्हणतात ते पण त्याचा आकार तसा म्हणून. सोल प्रोप्रायटर मधला सोल मात्र वेगळ्या मुळाचा, त्याचा अर्थ एकटा, एकमेव, पण स्पेलिंग तळाचंच.

प्रतिसाद ३

भावा, मी शाहूपुरीत, आपलं पण ऑनलाईनचंच काम हाय. थिअरी चांगलीच हाय पण उद्या सकाळी माल टाकायचा असला तर एक काम कर, जिथं घोटाळा होतो तो शब्दच बदल. नुसतं सोल म्हणू नकोस, 'आऊटसोल' म्हण आणि आतल्याला 'इनसोल', फूटवेअरवाले हेच म्हणतात आणि ह्यांना आत्म्याचा जोडीदार नाही. डायचं पण तसंच, तुला कमावलेलं कातडं सांगायचंय का रंग दिलेलं? दोन्ही वेगळी कामं हायत. साल-हिरड्यानं कमावलेलं असलं तर 'व्हेजिटेबल टॅन्ड' लिही, लोक ते शोधतात पण.

आणि फोन शेजारचे शब्द बघून ठरवतो. एकेक शब्द तोडून बोललास तर तो अंदाजानं काहीपण टाकतो, आख्खं वाक्य एका दमात बोल.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. 'ब्रेइडेड' म्हणून बघितलं, दोनदा बरोबर आलं! आऊटसोल तर डोक्यातच आलं नव्हतं, आजपासनं तेच.

अजून एक शंका राहिली. लूज. नवीन चप्पल घट्ट असते, वापरून सैल होते हे गिऱ्हाइकाला आधी सांगावं लागतं, नाहीतर मोठं माप मागवतात आणि मग पायात राहत नाही. ते सैल आणि हरवणं हे दोन्ही लूज ना? का हे पण आपल्याच कानाचं?

प्रतिसाद १

हे आपल्या कानाचं. सैल म्हणजे एल-डबल-ओ-एस-ई आणि शेवटी स्वच्छ 'स', लूस. ज्यूसशी यमक. हरवणं म्हणजे एकच ओ आणि शेवटी 'झ' सारखा घुमणारा आवाज, तो शूजशी जुळतो. आपण दोन्हीला लूज म्हणतो म्हणून फोन एकच ओ टाकत असणार. सैलसाठी मुद्दाम 'स' म्हणा, आणि लिहून झाल्यावर दोन ओ आहेत का तेवढं बघा.

तुमच्या धंद्यातलंच अजून एक, शू आणि टो (पायाचं बोट) दोन्ही ओ-ई वर संपतात पण त्यांचं यमक जुळत नाही. अंगठ्याच्या कड्याला 'टो लूप' म्हणाल तेव्हा टी-ओ-ई आलंय ना बघा, टी-ओ-डब्ल्यू आलं तर ते गाडी ओढून नेण्याचं टो.

धागाकर्ता

टो लूपचं आत्ताच तपासतो, ते बऱ्याच ठिकाणी लिहिलंय. आमच्या दुकानापुरती यादी अर्थासकट करायला घेतलीय, झाली की इथंच टाकतो, काही राहिलं असलं तर भर घाला.