लेकराच्या रक्तातलं शिसं कुठं तपासतात? घराला लागूनच बॅटरीचं दुकान आहे

जिंतूरची_लेक:
पहिल्यांदाच लिहायलेय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमचं गाव जिंतूर तालुक्यात, घराला लागूनच मिस्टरांचं बॅटरीचं दुकान, इन्व्हर्टरच्या ट्रॅक्टरच्या सगळ्याच. जुन्या बॅटऱ्या फोडून प्लेटा काढतात अन् मागच्या अंगणात लोखंडी कढईत शिसं वितळवतात, सासऱ्यांपासून हेच चालू आहे. लेकरू पावणेतीन वर्षाचं, दहा-बाराच शब्द बोलतंय, अन् माती इतकी खातंय की विचारू नका, ओट्याचे पोपडे सुद्धा चाटतंय. गावातल्या डॉक्टरनी जंताचं औषध दिलं, म्हणले बोलंल की. सासूबाई म्हणतात त्याचा बाप बी चार वर्षाचा होऊन बोलला. (बाप बी ह्याच अंगणात रांगला होता, पण हे मी मनातच ठेवलं.) परवा मोबाईलवर शिशाबद्दल वाचलं तवापासून झोप नाही. टेस्ट कुठं होते?

लॅबवाला_संभाजीनगर:
ताई, 'ब्लड लेड' म्हणून सांगा. मोठ्या लॅबच्या कलेक्शन सेंटरला होते, सॅम्पल बाहेर जातं म्हणून रिपोर्टला थोडे दिवस लागतात. रक्त नसेतूनच घ्यायला लावा, बोट टोचून नको, बोटावर शिशाची धूळ असली की आकडा उगाच फुगतो. हिमोग्लोबिन पण करा. डब्ल्यूएचओ म्हणतं डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं की शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करा, अमेरिकेत 2021 पासून 3.5 धरतात. पण त्याच्या खाली म्हणजे सेफ, असं कोणीच म्हणत नाही.

सिस्टर_लातूर:
सासूबाईंचं ऐकून थांबू नका. आपल्यापेक्षा लेकराच्या पोटातून चार-पाच पट शिसं अंगात शोषलं जातं, शरीराला ते कॅल्शियमसारखंच वाटतं म्हणून हाडात बसतं, मेंदूत शिरतं. रक्त कमी असलं की लेकरू माती खातं, अन् लोह कमी असलं की शिसं अजून जास्त शोषलं जातं, असं ते चक्र आहे. अमेरिकेत नीडलमन म्हणून डॉक्टर होते, त्यांनी लेकरांच्या पडलेल्या दुधाच्या दातातलं शिसं मोजलं, 1979 ला छापून आलं, ज्यांच्या दातात जास्त त्यांचा बुद्ध्यांक अन् वर्गातलं लक्ष कमी. लेकरं वरून चांगली धडधाकट होती बरं का, म्हणून कळतच नाही.
पण उशिरा बोलण्याचं कारण शिसंच आहे असं आत्ताच धरू नका. कान तपासून घ्या, अंगणवाडीत आरबीएसकेची (लेकरांच्या तपासणीची सरकारी योजना) टीम येते त्यांना सांगा, ते जिल्ह्याच्या डीईआयसीला (वाढीत मागं पडलेल्या लेकरांचं सरकारी केंद्र) पाठवतात, फुकट असतं.

प्लेटवाला:
बारा वर्षं हेच काम केलंय भाऊजींसारखं. आम्हाला वाटायचं धूर बाधतो, म्हणून लेकरांना धुरापासून लांब ठेवायचो अन् संध्याकाळी त्याच शर्टावर मांडीवर घ्यायचो. प्लेटा फोडल्या की ती करडी पूड बाहीत, केसात, चपलेच्या खाली बसते, ती घरात येते. गूळ खाल्ला, दूध पिलं की शिसं उतरतं म्हणतात, आम्ही बी किलोनी गूळ खाल्ला, काही उतरत नसतंय. दुकानातच अंघोळ अन् कपडे बदलून घरात यायचं, शर्ट वेगळा धुवायचा, झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. अन् वितळवणं घरी बंद म्हणजे बंद, प्लेटा लायसनवाल्याला विका, दोन पैसे कमी येतील.

जिंतूरची_लेक:
अपडेट. लेकराचं शिसं 16.4 आलं, हिमोग्लोबिन 8.7. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं शिसं काढायचं औषध साधारण 45 च्या वर देतात, आत्ता आयर्न चालू केलंय, दोन महिन्यांनी परत टेस्ट. कान चांगले निघाले, डीईआयसीची तारीख मिळाली. मिस्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला, काही बोलले नाहीत, रात्री कढई उचलून टेम्पोत टाकली. माझी जाऊ पाचव्या महिन्यात आहे अन् तीच दुकानाचे कपडे धुते, तिचं पण करावं का? अन् अंगणातल्या मातीचं काय?

सिस्टर_लातूर:
जावेचं लगेच करा, गरोदरपणात हाडातलं जुनं शिसं सुटून बाळापर्यंत जातं. कपडे तिच्या हातून आजच काढून घ्या.

प्लेटवाला:
कढईच्या जागेची माती उकरून पोत्यात बांधा, शेतात नका टाकू बाप्पा. अंगणावर कोबा करून घ्या. उकरताना लेकरू मामाच्या गावाला पाठवा.