शब्दचर्चा : 'फॉस्टर' पालकाला मराठीत काय म्हणावं?

वर्गशिक्षिका, पूर्व नागपूर

नमस्कार. शाळेच्या नोंदवहीतल्या एका रकान्यापाशी अडले आहे.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. ती बालकल्याण समितीच्या आदेशाने गेल्या वर्षापासून एका कुटुंबात राहते. कुटुंब तिच्या नात्यातलं नाही. त्यांनी तिला दत्तकही घेतलेलं नाही. आई हयात आहे, पण सध्या लेकीला जवळ ठेवण्याच्या स्थितीत नाही. त्याआधी ही मुलगी बालगृहात होती. नोंदवहीत 'पालकाचे नाव' आणि 'विद्यार्थ्याशी नाते' असे दोन रकाने आहेत. पहिला भरला. दुसऱ्यात काय लिहू?

आमचे लिपिक म्हणाले, "सरळ आई लिहा. आईच्या रकान्यातलं जुनं नाव खोडून हिचंच टाका, पुढे भानगड नको." मला ते पटलं नाही. मुलीलाच विचारलं, तर म्हणाली, "ती माझी घरची मावशी." म्हटलं, घरची म्हणजे? "बालगृहातल्या मावश्या वेगळ्या ना मॅडम. ही घरची."

तिचा शब्द तिला सापडला आहे. पण रकान्यात 'मावशी' लिहिलं तर कागदावर ती आईची बहीण होऊन बसते. 'पालक' लिहावं, तर तो रकाना आधीच पालकाचा आहे. नातं विचारलंय. 'फॉस्टर मदर' देवनागरीत लिहून मोकळं व्हायचं माझ्या मनात नाही. मराठीत या नात्याला शब्द आहे का?


महालकर

मॅडम, जुने शब्द आधी मांडतो. मूल मांडीवर घेणे, ओटीत घालणे, पदरात घेणे. तिन्ही ऐकायला गोड आहेत, पण तिन्हींत मूल कायमचं येतं. मांडीवर बसलेलं लेकरू परत जायचं नसतं.

'दत्तक' हा शब्द 'दत्त' म्हणजे दिलेला यावरून आला. कोणीतरी देतो, कोणीतरी घेतो. जुन्या धर्मशास्त्रात पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत, त्यांत 'दत्तक' वेगळा आणि 'अपविद्ध' वेगळा. अपविद्ध म्हणजे आईबापांनी टाकलेला आणि दुसऱ्याने घेतलेला. देणाराच नाही, म्हणून शब्द वेगळा. इतका बारकावा होता. पण त्या सगळ्या यादीमागे वंश, वारसा आणि पिंडदान यांची काळजी आहे. घराला मूल हवं, म्हणून मूल आणायचं.

आपल्या नागपूरला तर हा शब्द फार महागात पडला आहे. १८१८ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांना इंग्रजांनी गादीवरून काढलं आणि दुसऱ्या रघुजींच्या मुलीचा मुलगा बाजीबा याला दत्तक ठरवून तिसरे रघुजी म्हणून बसवलं. तेव्हा दत्तक चालला. १८५३ मध्ये हेच तिसरे रघुजी वारले. औरस मुलगा नव्हता, आणि त्या वेळी दत्तकाचा हक्क डलहौसीने मान्य केला नाही. १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. नागपूरच्या महाल भागात वाढलेल्या माझ्यासारख्याच्या कानाला 'दत्तक' म्हटलं की आधी गादी दिसते, मग लेकरू. तुमच्या विद्यार्थिनीच्या बाबतीत उलट आहे. तिला घर हवं होतं, म्हणून घर शोधलं. त्यामुळे दत्तकाच्या आसपासचा एकही शब्द तिथे वापरू नये, असं माझं मत.


बर्डीची

मी या क्षेत्रात काम करते, म्हणून आधी एक विनंती. मॅडम, मुलीबद्दल यापेक्षा जास्त काही लिहू नका. इयत्ता लिहिली असेल तर काढा. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख पटेल असा मजकूर कुठेही देता येत नाही.

आता शब्द. सरकारी कागदावर 'प्रतिपालकत्व' असा शब्द येतो, त्यावरून 'प्रतिपालक'. अर्थ चुकीचा नाही. अडचण कानाची आहे. मराठी माणसाने 'प्रतिपालक' ऐकला की त्याच्या मनात 'गोब्राह्मणप्रतिपालक' येतं. दुसरी अडचण 'प्रति'ची. प्रतिनिधी म्हणजे दुसऱ्याच्या जागी आलेला, आणि प्रतिपक्ष म्हणजे समोर उभा राहिलेला. एका आजीला आदेश वाचून दाखवला तेव्हा तिने मला विचारलं होतं, "म्हणजे मी तिच्या मायच्या विरोधात झाली का?" तो प्रश्न मी विसरू शकत नाही.

कायद्यात या नात्याचं रूप नेमकं उलट आहे. कलम ४४ वाचा. आईवडील सांभाळू शकत नाहीत म्हणून मूल दुसऱ्या कुटुंबात ठेवलं असेल, तर मुलाच्या हिताला बाधा नसल्यास आईवडील तिथे ठरावीक काळाने भेटायला जाऊ शकतात. ते पुन्हा सक्षम झाले असं समितीला वाटलं, तर मूल घरी परत जाऊ शकतं. भावंडं असतील तर शक्यतो एकाच कुटुंबात ठेवायची. समितीने दर महिन्याला त्या घराची पाहणी करायची. म्हणजे खरी आई, ठेवून घेणारी बाई, समिती, सगळे एकाच वेळी त्या लेकराच्या आयुष्यात आहेत. कोणी कोणाला खोडत नाही. म्हणून तुमच्या लिपिकांना सांगा, आईचं नाव अजिबात खोडायचं नाही. आदेशाची प्रत कुटुंबाकडे असते, ती मागून घ्या आणि पालकाच्या नावापुढे आदेशाचा क्रमांक लिहा.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक, कारण यावर मला दर आठवड्याला भांडावं लागतं. नागपुरात अजूनही लोक बालगृहाला सरसकट 'रिमांड होम' म्हणतात. तो जुन्या कायद्याच्या काळातला शब्द. आता 'विधिसंघर्षग्रस्त बालक', म्हणजे ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे ते, वेगळं, त्याच्यासाठी निरीक्षणगृह. 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' वेगळं, त्याच्यासाठी बालगृह. हे शब्द लांबलचक आहेत, पण मुलांना कलंक लागू नये म्हणून केले आहेत. आईच्या आजारपणामुळे बालगृहात आलेल्या मुलीला वस्तीतले लोक 'रिमांड होमची पोट्टी' म्हणतात, तेव्हा तिने काय गुन्हा केला, हे कोणी सांगू शकत नाही.


अक्षरप्रेमी

'संगोपक' कसा वाटतो? बालसंगोपन योजना आहेच. 'गुप्' धातूचा अर्थ राखणे, जपणे. गोपनीय हा शब्दही त्यातलाच. जपून ठेवणारी ती संगोपिका.


बर्डीची

व्युत्पत्ती सुंदर आहे, दादा. पण व्यवहारात 'बालसंगोपन' म्हटलं की लोकांना बाळाचा आहार, लसीकरण, मालिश आठवतं. पुस्तकांच्या दुकानात त्या नावाचा कप्पा असतो.

शिवाय क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचे माझ्या हातून जे अर्ज गेले, त्यांतली बहुतेक लेकरं विधवा आईजवळ किंवा आजीजवळ राहणारी होती. महिन्याला २,२५० रुपये मिळतात, आणि त्या घरांना त्यांचा आधार असतो. पण त्या आया स्वतःला संगोपक म्हणणार नाहीत. त्या आयाच आहेत. कोविडनंतर हे जास्त जाणवलं. बाप गेला, आईने दोन मुलं स्वतःजवळ ठेवली आणि तिसरं भावाकडे दिलं, अशी घरं मी मानेवाड्यात, नंदनवनात, ताजबागेकडे पाहिली. नात्यातच ठेवायचं ही आपल्या शहराची पहिली रीत. परक्या घरात ठेवणं अजून फार थोड्यांना जमतं. त्यामुळे शब्दही घडला नाही.


सावनेर रोड

आमच्याकडं शब्द नाही कोन मनते? माह्या मोठ्या मायनं मले पाच वर्सं सांभाळलं. माय बिमार होती, बाबा हमालीले जात. वस्तीतल्या बाया मनत, "थे पोट्टं त्याईच्याजवळ रायते." बस. कोनाले वाटलं नाही का याले येगळं नाव पायजे. पुन्याकडं चुलती मनतात, आमच्याकडं मोठी माय अन् लहानी माय मनतात. मायच्या मांगं मायच असते. अन् मावशीचं तं जगजाहीर हाय, माय मरो पन मावशी जगो.

मॅडम, त्या लेकरानं 'घरची मावशी' म्हटलं न, थे बरोबरच म्हटलं.


महालकर

'मोठी माय' हा दाखला मला सुचायला हवा होता. मात्र त्या म्हणीबद्दल एक सांगतो. लोक ती मावशीच्या कौतुकाची म्हणून वापरतात, पण त्यात मायचं मरण गृहीत धरलं आहे. एक गेल्यावर दुसरी. मॅडमच्या वर्गातल्या मुलीला दोघी एकाच वेळी आहेत.


अजनी

मी अठरा वर्षांचा होईपर्यंत बालगृहात होतो. इथे सहसा लिहीत नाही, पण 'घरची मावशी' वाचून राहवलं नाही.

बालगृहात मुलांना सांभाळणाऱ्या सगळ्या बायकांना मावशी म्हणतात. आमच्या मावश्या प्रेमळ होत्या. एकीने मला तापात रात्रभर पाण्याच्या पट्ट्या ठेवल्याचं आजही आठवतं. पण सकाळी आठला तिची ड्युटी संपायची आणि दुसरी मावशी यायची. मी जागा झालो तेव्हा पट्टी दुसऱ्याच हातात होती. ही मुलगी 'घरची' म्हणते त्याचा अर्थ मला असा लागतो की या मावशीची ड्युटी बदलत नाही. मॅडम, तिला हा शब्द कोणी दुरुस्त करून सांगू नका.

'अनाथ' शब्दाबद्दल. राज्य सरकारने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण दिलं. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं आणि त्यावर हा शब्द असतो. कागदावर तो मला चालतो. तो नसता तर माझ्या काही मित्रांना पुढचं शिक्षण मिळालं नसतं. पण हाकेत नको. 'अनाथ मुलांचा कार्यक्रम' म्हणून आम्हाला रांगेत उभं करून खाऊ वाटायचे, तेव्हा तो शब्द माइकवरून यायचा. 'पोरका' त्याहून वेगळा आहे. आईबाप असतानाही माणूस पोरका होतो, आणि नसतानाही कधी कधी होत नाही. 'बेवारस' तर माणसाला लावूच नये, तो सामानाचा शब्द आहे. अचलपूरजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी शंभरहून अधिक दिव्यांग मुलांना बाप म्हणून स्वतःचं नाव दिलं, २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या मुलांच्या कागदपत्रांत वडिलांचा रकाना भरलेला आहे. रकाना ही किती मोठी गोष्ट असते, हे ज्याचा कोरा राहिला त्यालाच कळतं. म्हणून मॅडम, तुम्ही अडलात ते बरोबरच केलंत.


वर्गशिक्षिका, पूर्व नागपूर

सगळ्यांचे मनापासून आभार. बर्डीच्या ताई, इयत्ता लिहिली नव्हती, पण मुलीबद्दलचा बाकीचा तपशील कमी करायला गेले, तर आता मजकूर दुरुस्त होत नाही. व्यवस्थापकांना कळवलं आहे. माझी चूक झाली.

तुमचे प्रतिसाद वाचताना एक ध्यानात आलं. आम्ही शाळेतून जी पत्रं पाठवतो त्यांत 'आपला पाल्य' असंच लिहितो. १८९० च्या कायद्याचं मराठी नावही 'पालक व पाल्य अधिनियम' आहे. पाल्य म्हणजे ज्याचं पालन करायचं तो. त्यात जन्म दिलेला असावा अशी अटच नाही. मूळ अर्थ इतका मोकळा होता, आणि आपण पालक म्हणजे आईबाप असा तो आवळून टाकला.

आज ती बाई शाळेत आली होती. मी तिला हे सगळं थोडक्यात सांगितलं. तिला एकेक शब्द वाचून दाखवला. 'प्रतिपालक'ला ती काही बोलली नाही. 'संगोपिका' ऐकून संकोचली. मग म्हणाली, "मॅडम, मी तिले सांभाळून राहिली, तेच लिहा न."

सांभाळ. आई लेकराचा सांभाळ करते, आणि पुढे तेच लेकरू म्हाताऱ्या आईबापांचा सांभाळ करतं. न्यायालयातही हा शब्द चालतो, चुलीपाशीही चालतो. दुसऱ्याची वस्तू सांभाळतो म्हणताना ती दुसऱ्याची आहे हे त्यात धरलेलं असतं. 'पाळलेला' म्हटलं की जनावर आठवतं, 'पोसलेला' म्हटलं की उपकार आठवतात. 'सांभाळलेला' म्हटलं तर यांतलं काही येत नाही.


अजनी

'किती वर्षं सांभाळायचं?' असा त्रासिक सूरही या शब्दात लागतो, मॅडम. आम्ही तो ऐकलेला आहे.


वर्गशिक्षिका, पूर्व नागपूर

खरं आहे, दादा. तो सूर मीही ऐकला आहे. पण आज त्या बाईच्या तोंडून शब्द आला तेव्हा तो सूर नव्हता, एवढं मी खात्रीने सांगते.


बर्डीची

'सांभाळकर्ती' लिहा. 'पालनकर्ता' चालतो तर हा का नाही? मीही पुढच्या गृहभेटीच्या अहवालात लिहून पाहीन. कोणी हरकत घेतली तर कंसात 'प्रतिपालक' टाकू. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे दोन वर्षं सांभाळ केलेल्या कुटुंबाला पुढे त्या मुलाच्या दत्तकासाठी अर्ज करण्याची वाटही आहे, पण ती प्रत्येक मुलासाठी नाही. तुमच्या मुलीची आई आहे. तिथे हा विषय काढू नका.


वर्गशिक्षिका, पूर्व नागपूर

लिहिलं. 'विद्यार्थ्याशी नाते : सांभाळकर्ती', आणि पुढे आदेशाचा क्रमांक. लिपिकांनी शब्द दोनदा वाचला, मुख्याध्यापकांना दाखवला, त्यांनी सही केली. वरच्या आईच्या रकान्यातलं नाव जसं होतं तसं आहे. जुनी शाई फिकट झाली होती, म्हणून मी त्यावरून पुन्हा एकदा पेन फिरवलं.