मदत हवी आहे: बेस न्यूयॉर्क, घर रॅले, आणि आता कॅप्टन व्हायचं की नाही

नमस्कार मंडळी,

विमान कंपनीत काम करणारे किंवा घरात कोणी वैमानिक असलेले इथे असतील, तर त्यांचा सल्ला हवा आहे. बाकीच्यांनीही वाचा, कारण अर्धा प्रश्न घराचा आहे.

मी अमेरिकेतल्या एका मोठ्या विमान कंपनीत एअरबस ३२० वर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे कॅप्टनच्या शेजारी बसणारी दुसरी वैमानिक, आहे. घर नॉर्थ कॅरोलायनात, रॅलेजवळ. बेस न्यूयॉर्क. नवरा इथल्याच एका औषधनिर्मितीच्या प्रयोगशाळेत आहे आणि त्याचं काम न्यूयॉर्कहून होणारं नाही. मुलगा दहावीत. सासूबाई आमच्याकडे असतात, त्यांच्या दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन याच वर्षी व्हायचं आहे. त्यामुळे 'सरळ न्यू जर्सीला शिफ्ट व्हा' हा सल्ला कृपया देऊ नका, तो विचार आम्ही करून संपवला आहे.

ज्यांना या धंद्यातली रीत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझी ड्यूटी बेसवर सुरू होते आणि बेसवरच संपते. मी राहते कुठे याच्याशी कंपनीला देणंघेणं नाही. रॅलेहून न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर वेळेत पोचणं ही माझी जबाबदारी. त्यासाठी विमानात रिकामी सीट असली तर ती, नाहीतर कॉकपिटमधली जादा सीट, म्हणजे जंपसीट. तीही आधीच कोणी घेतलेली असेल तर पुढच्या फ्लाइटची वाट बघायची. फ्लाइट तासा-दीड तासाचीच आहे, पण उन्हाळ्यात दुपारनंतर न्यूयॉर्कवर वादळी ढग जमले की लागार्डियाची विमानं रॅलेतच रोखून धरतात, आणि मग तो दीड तास कितीही लांबतो.

आता सिनियॉरिटी. आमच्याकडे सगळं नंबरावर चालतं. कंपनीत ज्या दिवशी लागलात त्यावरून नंबर ठरतो. बेस कुठला, विमान कुठलं, डावी सीट (कॅप्टनची) की उजवी, महिन्याच्या ट्रिपा, रजा, नाताळ घरी की हॉटेलात, सगळं त्या नंबराने. अनुभव किती, कामात कोण चांगलं, याने तसूभरही फरक पडत नाही. कंपनी बदलली तर वीस वर्षांचा अनुभव असला तरी यादीच्या तळाशी.

यात एक मेख आहे, आणि माझा प्रश्न तिथेच अडलाय. कंपनीच्या यादीतला नंबर माझ्याबरोबर येतो, पण बेसमधलं स्थान येत नाही. न्यूयॉर्कच्या एअरबस फर्स्ट ऑफिसरांमध्ये मी आज वरच्या एक तृतीयांशात आहे. त्यामुळे दर महिन्याला बिड, म्हणजे पसंतीचा अर्ज, टाकताना मला हव्या तशा ट्रिपा मिळतात: पहिल्या दिवशी दुपारनंतर सुरू होणाऱ्या आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळच्या आत संपणाऱ्या. म्हणजे सकाळी मुलाला डबा देऊन निघायचं आणि परतीच्या दिवशी रात्रीचं जेवण घरी. दिवाळीची रजा इथे दुसरं कोणी मागत नाही, ती नवीन असतानाही मिळायची. गणपती लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीच्या सुट्टीच्या, आसपास आले की मात्र ओढाताण व्हायची, ती आता होत नाही. हे सगळं बसवायला वर्षं गेली आहेत.

आणि आता न्यूयॉर्कला एअरबस कॅप्टनच्या जागा निघाल्या आहेत. माझ्या नंबराला ती जागा मिळेल. पगार जवळजवळ दीडपट होईल. शिवाय कॅप्टन व्हायचं म्हणूनच तर या क्षेत्रात आले. नाशिकला ओझरवर उतरणारी विमानं बघत मोठी झाले, चार पट्ट्या खांद्यावर हव्यात ही इच्छा तेव्हापासूनची आहे आणि ती लहान नाही.

पण कॅप्टनांच्या यादीत मी अगदी तळाशी जाईन. तळाशी म्हणजे रिझर्व्ह. ठरलेल्या ट्रिपा नाहीत, फोनची वाट बघायची. त्यातही शॉर्ट कॉल आला की आमच्याकडे साधारण दोन तासांत विमानतळावर हजर. रॅलेहून ते अशक्य, म्हणजे ते सगळे दिवस न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात क्रॅशपॅडवर, म्हणजे विमान कर्मचारी भाड्याने वाटून घेतात त्या खोलीवर. मी सुरुवातीला क्यू गार्डन्सला राहिलेली आहे. एका खोलीत तीन बंक बेड, प्रत्येकाला पडदा, पडद्याच्या आत क्लिपचा छोटा दिवा. मी हॉट बंक घेतला होता, म्हणजे ठरलेली जागा नाही, जो पलंग रिकामा असेल त्यावर आपली चादर अंथरायची आणि निघताना काढून प्लास्टिकच्या डब्यात भरायची. पहाटे चारला कुणाचा गजर, रात्री एकला कुणाची बॅग. त्या वयात चाललं. आता तिथे बसून फोन वाजतो का बघायचं आणि घरी सासूबाईंना फिजिओथेरपीला कोण नेणार याचा हिशेब करायचा, हे डोळ्यांसमोर येतं.

हे किती काळ चालेल याचा अंदाज कुणीच देत नाही. २०२२-२३ मध्ये मोठ्या कंपन्यांनी एवढी भरती केली की न्यूयॉर्कसारख्या बेसमध्ये अगदी नवे लोकही कॅप्टन झाले. आता तो वेग नाही. वरचे लोक ६५ला निवृत्त होतील किंवा मोठ्या विमानांवर जातील तेव्हाच आम्ही सरकणार. युनियनच्या प्रतिनिधीने समजावलं, की आज नाही म्हटलं तरी नंबर कुठे जात नाही, दोन वर्षांनी गेलीस तरी आज जे तुझ्या खालचे कॅप्टन होतील त्यांच्या वरच बसशील. हे पटतं. पण दोन वर्षांनी जागाच निघाल्या नाहीत तर? आणि एकदा गेले की सीट लॉक आहे, लगेच मागे फिरता येत नाही.

दुसरी काळजी थकव्याची, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचं ३४०७ पडलं, विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक अशी ५० माणसं गेली. त्या विमानातली फर्स्ट ऑफिसर आदल्या रात्री सिॲटलहून मेंफिसमार्गे नेवार्कला आली होती. कॅप्टनही फ्लोरिडाहून ये-जा करणारा होता. अपघाताचं मुख्य कारण कॅप्टनने चुकीच्या पद्धतीने सावरायचा प्रयत्न केला हे होतं, पण दोघांच्या थकव्याची नोंद चौकशीत आहे. त्यानंतर नियम कडक झाले, जानेवारी २०१४ पासून ड्यूटीआधी किमान १० तास विश्रांती सक्तीची आहे. पण घरून बेसपर्यंतचा प्रवास त्या नियमांनी बांधलेला नाही. 'मी उडायला योग्य आहे' हे प्रत्येक वैमानिकाने स्वतः ठरवायचं. कॅप्टन झाल्यावर मला शेजारी बसलेल्या माणसाचीही खबर ठेवावी लागेल, आणि मीच जर आदल्या दिवशी तीन फ्लाइट हुकून रात्री बाराला क्वीन्सला पोचलेली असेन तर त्याला काय विचारणार?

तर मला हे हवं आहे: दुसऱ्या शहरातून रिझर्व्हवर कॅप्टनगिरी कोणी केली आहे का, आणि घर कसं टिकवलं? थांबलेल्यांना नंतर पश्चात्ताप झाला का? आणि बिड टाकण्याआधी मी कुठली माहिती काढावी, जी मला सुचत नाहीये? बिड पुढच्या शुक्रवारी बंद होते.

– ओझरची लेक

प्रतिसाद: उत्तरवारा

ताई, मी दुसऱ्या कंपनीत आहे, ह्यूस्टनहून शिकागोला ये-जा करत रिझर्व्ह कॅप्टन म्हणून काढली आहेत काही वर्षं. मनापासून सांगतो, 'किती काळ' या प्रश्नाचं उत्तर युनियनकडे नसलं तरी आकड्यांत असतं. गेल्या वर्षभराच्या महिन्याच्या बिडचे निकाल काढा. न्यूयॉर्क एअरबस कॅप्टनांमध्ये ज्याला सर्वांत शेवटी नियमित लाइन (महिन्याच्या ठरलेल्या ट्रिपा) मिळाली त्याचा नंबर दर महिन्याला लिहून काढा. तो नंबर तुमच्या दिशेने सरकतोय की जागीच आहे, ते दिसेल. मग तुमच्या आणि त्याच्या मधले किती जण ६५च्या जवळ आहेत ते मोजा.

दुसरं, लाँग कॉल, म्हणजे हजर व्हायला जास्त वेळ मिळणारा रिझर्व्ह. शॉर्ट कॉल आणि लाँग कॉल यांचं प्रमाण बघा, आणि लाँग कॉलवाल्यांना आयत्या वेळी शॉर्टवर किती वेळा ओढतात ते तळाच्या कॅप्टनांनाच विचारा. कागदावर लाँग कॉल असतो तेव्हा रॅलेत घरी राहता येतं, १२ तास किंवा जास्त वेळ मिळतो. पण उन्हाळ्यात आणि सणासुदीला तो कागद कागदच राहतो. माझा तरी तसाच अनुभव.

करारातलं कम्यूटरचं, म्हणजे दुसऱ्या शहरातून ये-जा करणाऱ्यांसाठीचं, कलमही नीट वाचा. बऱ्याच ठिकाणी अट अशी असते, की जागा दिसत असलेल्या दोन फ्लाइट धरून निघालात आणि तरी पोचला नाहीत तर कारवाई नाही. पण त्या ट्रिपेचा पगार मिळेल की नाही हे वेगळं. आणि ते कलम रिझर्व्हला लागू आहे का, हे लेखी विचारून घ्या.

थकव्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. कोल्गननंतर अमेरिकी संसदेच्या सांगण्यावरून तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने वैमानिकांच्या ये-जा करण्याचा अभ्यास केला, २०११ ला अहवाल आला. नियम करण्याइतकी माहिती नाही असं त्यांनी म्हटलं, पण सल्ला दिला: ड्यूटी संपेल त्या वेळी तुम्ही जागे होऊन साधारण १६ तासांपेक्षा जास्त झालेले नसावेत, आणि ड्यूटीआधी किमान ६ तास झोप झालेली असावी. मी तो आकडा उलटा मोजतो. ड्यूटी रात्री दहाला संपणार असेल तर सकाळी सहाच्या आधी उठावं लागेल अशी फ्लाइट धरायचीच नाही. मग आदल्या दिवशी जायचं. आणि हॉट बंक पुन्हा नको, स्वतःचा ठरलेला पलंग घ्या. झोपेवर पैसे वाचवू नका.

प्रतिसाद: एडिसनकर

माझी बायको फ्लाइट अटेंडंट आहे, बेस बॉस्टन. घरची बाजू सांगतो. ये-जा करण्याचे दिवस आम्ही 'सुट्टी' धरायचो आणि त्यावरूनच भांडणं व्हायची. तिच्या लेखी तो कामाचा दिवस, माझ्या लेखी ती घरी असायला हवी होती. आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर तो दिवस वेगळ्या रंगात असतो आणि त्या दिवशी तिच्याकडून कसलीच अपेक्षा नसते. तुमच्या सासूबाईंच्या ऑपरेशननंतरचे पहिले दोन महिने कॅप्टनच्या ट्रेनिंगवर आले तर काय, हे आधी बघा. ट्रेनिंगची तारीख तुम्हाला निवडता येते का?

एक पैशाची गोष्ट. न्यूयॉर्क बेस आहे म्हणून न्यूयॉर्कचा राज्य कर भरावा लागेल अशी धास्ती काही जणांना असते. केंद्राच्या कायद्याने विमान कर्मचाऱ्याच्या पगारावर राहत्या राज्याचा कर लागतो, आणि एखाद्या राज्यात निम्म्याहून जास्त कमाई होत असेल तरच त्या राज्याचाही. हिशेब करताना ते डोक्यात ठेवा. क्रॅशपॅडचं भाडं मात्र खिशातूनच, केंद्राच्या करात त्याची सूट मिळत नाही.

प्रतिसाद: मुळामुठा

आमच्याकडे भारतात चित्र वेगळं आहे त्यामुळे थेट सल्ला देत नाही. माझे यजमान दिल्ली बेसला आहेत, आम्ही पुण्यात. डीजीसीएने (भारताच्या विमान वाहतूक नियामकाने) वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ केली, जुलै २०२५ पासून, तेव्हापासून त्यांचं पुण्याला येणं खरंच विश्रांतीसारखं झालं. आधी येऊन-जाऊनच वेळ संपायचा. तुमच्याकडे आठवड्यात सलग ३० तासच मोकळे मिळायला हवेत असं वाचलं, ते खरं असेल तर रिझर्व्हच्या काळात सलग मोकळे दिवस करारात किती आहेत हे आधी बघा. आणि सासूबाईंनाही विचारा. आमच्या आईंनी स्वतःहून सांगितलं होतं की मला बाई ठेव, पण त्याची नोकरी धरून ठेव.

ओझरची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. हो, कायद्याने सलग ३० तासच, पण करारात रिझर्व्हला त्याहून बरे ब्लॉक आहेत.

उत्तरवारा, तुम्ही सांगितलंत तसं रात्री बसून निकाल काढले. शेवटच्या लाइनवाल्याचा नंबर गेल्या वर्षी बराच सरकला, पण या उन्हाळ्यापासून जवळजवळ जागीच आहे. म्हणजे आज गेले तर रिझर्व्ह लवकर सुटणार नाही. शॉर्ट कॉलचं प्रमाण तळाला भरपूर आहे, आणि कम्यूटरचं कलम आमच्याकडे शॉर्ट कॉलला लागू नाही, हे आज लेखी कळलं.

सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "गुडघा माझा आहे, नंबर तुझा. माझ्यासाठी थांबलीस असं उद्या ऐकवू नकोस." नवऱ्याचं मत जा असं आहे.

माझा कल या वेळी थांबण्याकडे आहे. ऑपरेशन होऊ दे, शेवटच्या लाइनचा नंबर दर महिन्याला लिहीत राहीन, आणि तो सरकायला लागला की पुढच्या बिडला जाईन. अजून एक शंका: थांबलेल्या काळात फर्स्ट ऑफिसर म्हणूनच मोठ्या विमानावर जाण्याबद्दल कुणाला अनुभव आहे का? लांब ट्रिपा म्हणजे महिन्यात ये-जा कमी, पण तिथेही मी पुन्हा तळाशीच असेन आणि सीट लॉक नव्याने सुरू होईल. तो लॉक कॅप्टनच्या बिडला आड येतो की फक्त फर्स्ट ऑफिसरच्या जागांना, हे तुमच्या कंपन्यांत कसं आहे? शुक्रवारच्या आत कळलं तर फार उपयोग होईल.