गोवराची लस आणि शेजारणीचा पक्ष

प्रश्न :
आम्ही पश्चिम टेक्सासमध्ये राहतो. २०२५च्या जानेवारीत इथल्या गेन्स काउंटीत गोवराची साथ सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये ती संपल्याचे जाहीर होईपर्यंत राज्यात ७६२ रुग्णांची नोंद झाली. दोन मुली दगावल्या. दोघींनाही लस दिलेली नव्हती. आमच्या शेजारीणबाई अतिशय मायाळू आहेत, माझ्या बाळंतपणात त्यांनी पंधरा दिवस डबा पोहोचवला होता. मात्र कोविडपासून लसीचा विषय निघाला की ‘तुम्ही त्या पक्षाचे’ असे म्हणून त्या बोलणेच थांबवतात. त्यांच्या दोन वर्षांच्या नातवाला अजून एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्रित लस) दिलेली नाही. संबंध न बिघडवता काय बोलावे?

प्रतिसाद १ :
ताई, पश्चिम उत्तर प्रदेशात पोलिओच्या कामावर असताना, डोस राहिलेल्या घरांच्या दारावर आम्ही खडूने फुली मारत असू. थेंबांनी मुले नपुंसक होतात अशी अफवा होतीच. पण खरा राग वेगळाच होता. ‘गटार तुंबले, पोर तापाने फणफणले, तेव्हा कोणी फिरकत नाही, मग हे दोन थेंबच घरपोच का?’ असे बायका विचारत, आणि त्याला आमच्याकडे उत्तर नसे. साहेबांची गाडी आली की दारे अधिकच घट्ट लागत. त्याच मोहल्ल्यातील बाई सोबत आली आणि तिने आधी त्यांचे गाऱ्हाणे ऐकून घेतले, की पुष्कळ फुल्या पुसल्या जात. तुम्ही बाजू मांडण्याआधी त्यांची ऐका.

प्रतिसाद २ :
‘आपल्या माणसाने सांगितले की पटते’ हे तितके सरळ नाही. ज्यांच्या कारकिर्दीत कोविडची लस घाईने तयार झाली, त्या ट्रम्प यांनी ऑगस्ट २०२१मध्ये अलाबामातील सभेत ती घ्या म्हटले, तेव्हा त्यांच्याच समर्थकांनी हुर्यो केली. म्हणून पुढाऱ्यांचे दाखले देऊ नका. एमएमआरचा पहिला डोस वयाच्या बारा ते पंधरा महिन्यांत देतात, पण राहिला असल्यास आताही देता येतो, एवढेच सांगा. ‘चुकलो’ असे त्यांच्याकडून वदवून घेण्याची गरज नाही.

प्रश्नकर्ती :
शनिवारी बोलणे झाले. त्यांच्या मुलीला, म्हणजे या बाळाच्या आईला, लहानपणी लस टोचल्यानंतर ताप चढून आकडी आली होती. इतक्या वर्षांत हे मला ठाऊकच नव्हते. बाळाच्या डॉक्टरांना दाखवण्यासाठी त्या आता मुलीचे जुने कागद शोधत आहेत.