व्होकेशनल एक्स्पर्टचा नोकऱ्यांचा आकडा कसा खोडायचा?

प्रश्न: अमेरिकेत सोशल सिक्युरिटीच्या अपंगत्व सुनावणीत व्होकेशनल एक्स्पर्ट (अर्जदार अजून कोणती कामं करू शकतो हे सांगणारा नोकरी-तज्ज्ञ) सांगतो, 'ॲड्रेसर'च्या (पाकिटांवर पत्ते लिहिणाऱ्याच्या) देशभर अमुक हजार नोकऱ्या आहेत. उलटतपासणीत नेमकं काय विचारायचं?

उत्तर १: आधी स्रोत, मग पद्धत. सरकारी सर्वेक्षण 'एसओसी' (सरकारी व्यवसाय-वर्गीकरण) गटाची एकूण संख्या देतं, एक्स्पर्ट मात्र 'डीओटी'तलं (पदांच्या जुन्या सरकारी कोशातलं) सुटं पद सांगतो, आणि डीओटी 1991 नंतर सुधारलेलं नाही. एका गटात कितीतरी पदं. तेव्हा विचारा: गटाचा आकडा किती, त्यात पदं किती, वाटणी कशी केली? सगळ्या पदांना सारखा वाटा दिला असेल तर तो आकडा पोकळ आहे, तिथेच धरा. अर्धवेळ नोकऱ्या वगळल्या का, हेही विचारा.

उत्तर २: सुप्रीम कोर्टाच्या बिएस्टेक निकालानुसार (2019) एक्स्पर्टने आकड्यामागचा खासगी डेटा दिला नाही, एवढ्यावरून साक्ष आपोआप बाद होत नाही. तरी मागा, नकार नोंदीत यायलाच हवा. जानेवारी 2025 पासूनच्या एसएसआर 24-3पी (सोशल सिक्युरिटीचा नियम-खुलासा) प्रमाणे एक्स्पर्टने स्रोत आणि अंदाजाची ढोबळ पद्धत सांगणं अपेक्षित आहे.

उत्तर ३: एक्स्पर्टचा आकडा खोडायला अपील्स कौन्सिलला (सोशल सिक्युरिटीच्या अंतर्गत अपील मंडळाला) नोकऱ्या मोजणाऱ्या सॉफ्टवेअरचे नुसते प्रिंटआउट पाठवू नका. कोणी, कोणत्या वर्षाच्या डेटावरून, कसा हिशेब केला ते लिहा. विशमन प्रकरणात (2023) नाइन्थ सर्किट या संघीय अपील कोर्टापुढे याच उणिवेमुळे पुरावा टिकला नाही.