मदत हवी आहे: पुतण्याच्या पाठीवर फवारणीचा पंप

मंडळी, काटोलकडे आमचं वावर आहे. १२ वर्षांचा पुतण्या घरचा कापूस वेचू लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनुसार शाळा सुटल्यावर, सुट्टीत तसा हातभार चालतो. फक्त काम धोक्याचं नको. पण परवा त्याच्या पाठीवर फवारणीचा पंप, तोंडाला नुसता दुपट्टा, औषधाने भिजलेली बनियान! जीव गलबलला. यवतमाळात २०१७ ला फवारणीच्या विषबाधेने धडधाकट माणसं गेली, हा तर लेकरू. मजूर मिळत नाही, हे दादाचं म्हणणंही खरं आहे. १०९८ ला (मुलांच्या मदतीसाठीची हेल्पलाइन) कळवून भावावर कारवाई नको वाटते. नागपुरात कामगार किंवा कृषी खात्यातलं कोणी गावात येऊन त्याला समजावेल का? कुणाला भेटू?