सीरम व्हीईजीएफ 'नॉर्मल' म्हणजे लिव्हर कॅन्सर पसरणार नाही, असं म्हणता येतं का?

मेडिसिन_रेसिडेंट (सोलापूर):
यंत्रमाग कामगार, वजन ५५ किलो, हिपॅटायटिस बी मुळे सिरॉसिस. ट्रायफेजिक सीटीत उजव्या लोबमध्ये ६ सेंमीची गाठ, आर्टेरियल फेजमध्ये (औषध धमनीत असताना) उजळते, नंतर वॉशआउट (उजळपणा लवकर निघून जातो). पोर्टल व्हेनच्या उजव्या शाखेत ट्यूमर थ्रॉम्बस (शिरेत शिरलेला गाठीचा गोळा). चाइल्ड-प्यू ए (यकृताचं काम अजून बरं), एएफपी (लिव्हर कॅन्सरची रक्तातली खूण) ७८०, प्लेटलेट ६२,०००. नातेवाइकांनी बाहेरच्या लॅबमधून सीरम व्हीईजीएफ (नव्या रक्तवाहिन्या फुटवणारं प्रथिन) करून आणलंय. ते मर्यादेत आहे, म्हणून 'कॅन्सर पसरणारा नाही ना?' असं विचारतात. या आकड्याला किती वजन द्यायचं? आणि औषध ठरवताना तो उपयोगी पडतो का?

पॅथॉलॉजी_टेबल:
आधी नळीचं टोपण कुठल्या रंगाचं होतं ते विचारा. रक्तातलं बरंचसं व्हीईजीएफ प्लेटलेटच्या पोटात असतं. लाल टोपणाच्या नळीत रक्त गोठताना प्लेटलेट ते बाहेर सोडतात, त्यामुळे सीरममधला आकडा ट्यूमरइतकाच प्लेटलेटच्या संख्येवर हलतो. तुमच्या पेशंटच्या प्लेटलेट ६२,०००, म्हणजे प्लीहा वाढलेली असणार. अशा माणसाचं सीरम व्हीईजीएफ कमी दिसलं तर त्यातून दिलासा घेण्यासारखं काही नाही.

मोजायचंच असेल तर जांभळ्या टोपणाची ईडीटीए नळी, बर्फात ठेवून, शक्यतो अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूज आणि प्लाझ्मा लगेच वेगळा. नमुना दुसऱ्या शहरात जाणार असेल तर गोठवूनच. साध्या पिशवीतून एसटीने पाठवलेल्या नळीचा आकडा मी तरी वाचणार नाही. शिवाय दोन कंपन्यांच्या किटचे आकडे एकमेकांशी जुळवू नका.

यकृत_ओपीडी:
पॅथॉलॉजीवाल्यांशी सहमत, पण मी प्लाझ्माही पाठवणार नाही. कारण सांगतो.

निरोगी यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेनमधून मिळतं, हिपॅटोसेल्युलर गाठ मात्र जवळजवळ पूर्णपणे हिपॅटिक आर्टरीवर जगते. सीटीतलं उजळणं त्याचंच. गाठ वाढली की आतल्या पेशींना ऑक्सिजन पुरत नाही. मग एचआयएफ-१ अल्फा (ऑक्सिजन कमी पडला की काम करणारं प्रथिन) टिकून राहतो आणि व्हीईजीएफ-ए चा पुरवठा सुरू होतो. ते एंडोथेलियमवरच्या (वाहिनीच्या आतल्या अस्तरावरच्या) व्हीईजीएफआर-२ या ग्राहीला चिकटलं की नव्या वाहिन्या फुटतात. अँजिओपोएटिन-२ हे दुसरं प्रथिन जुन्या वाहिन्यांची वीण सैल करतं. तयार होणारं जाळं वेडंवाकडं आणि गळकं असतं, आधार देणाऱ्या पेरिसाइट अपुऱ्या. गळतीमुळे आतला दाब वाढतो, रक्त नीट पोचत नाही, ऑक्सिजन पुन्हा कमी. चक्र चालूच.

या गळक्या भिंतींतून पेशी वाहिन्यांत शिरतात. वाढलेल्या गाठीतलं रक्त बऱ्याचदा पोर्टल शाखांतूनच बाहेर पडतं, म्हणून पहिला फैलाव यकृतातच दिसतो. हिपॅटिक व्हेन गाठली की पुढचं ठिकाण बहुधा फुप्फुस. व्हीईजीएफ-सी लिम्फ वाहिन्यांची वाट मोकळी करतं. आणि व्हीईजीएफ प्रतिकारशक्तीलाही झोपवतं: डेंड्रिटिक पेशी परिपक्व होत नाहीत, दमन करणाऱ्या पेशी वाढतात.

तेव्हा नातेवाइकांना उत्तर सीटीतूनच द्या. पोर्टल शाखेत ट्यूमर आहे, म्हणजे वाहिनीत शिरकाव झालेला आहे. 'पसरणार का' हा प्रश्न मागे पडला. बीसीएलसी सी, म्हणजे लिव्हर कॅन्सरचा पुढे गेलेला टप्पा.

राहिला औषधाचा प्रश्न. २००८ च्या शार्प चाचणीत ६०२ पेशंट होते. सोराफेनिबवर (व्हीईजीएफचे ग्राही अडवणारी गोळी) मध्यक आयुष्य १०.७ महिने, प्लासिबोवर ७.९. त्यांचे रक्ताचे नमुने तपासून २०१२ मध्ये जे आलं ते लक्षात ठेवा: सुरुवातीचं व्हीईजीएफ आणि अँजिओपोएटिन-२ जास्त असलेल्यांचं आयुष्य कमी, पण सोराफेनिबचा फायदा कुणाला होईल हे दोन्हींपैकी एकानेही सांगितलं नाही. गटाचं भाकीत होतं, समोरच्या पेशंटचं औषध ठरत नाही. व्हीईजीएफ अडवणारं औषध निवडताना जो रक्तातला आकडा खरंच वापरला जातो तो एएफपी: रॅम्युसिरुमॅब ४०० आणि वरच्यांनाच, तेही सोराफेनिबनंतर. तुमच्या ७८० वर ते आज द्यायचं नाही.

ऑन्को_डेकेअर:
पहिल्या फळीत अटेझोलिझुमॅब (प्रतिकारशक्ती मोकळी करणारं) १२०० मिग्रॅ आणि बेव्हासिझुमॅब (व्हीईजीएफ अडवणारं) १५ मिग्रॅ प्रति किलो, दर ३ आठवड्यांनी. आयएमब्रेव्ह१५० या चाचणीत या जोडीवर मध्यक आयुष्य १९.२ महिने, सोराफेनिबवर १३.४. ५५ किलोला बेव्हासिझुमॅब ८२५ मिग्रॅ, म्हणजे ४०० च्या दोन आणि १०० ची एक व्हायल. पातळ करायला फक्त नॉर्मल सलाइन, डेक्स्ट्रोज चुकूनही नाही. अटेझोलिझुमॅब आधी. पहिल्यांदा बेव्हासिझुमॅब ९० मिनिटांत, सोसलं तर पुढे ६०, मग ३०.

पण त्याआधी एंडोस्कोपी. गेल्या ६ महिन्यांतली नसेल तर आधी ती, आणि ६२,००० प्लेटलेट असताना टाळाटाळ नकोच. मोठ्या व्हेरिसेस (अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा) दिसल्या तर बँडिंग (रबराने बांधणं), आणि त्याचे अल्सर भरेपर्यंत बेव्हासिझुमॅब थांबवा. व्हीईजीएफ बंद केलं की जखम भरणंही मंदावतं. गडबड इथेच होते: गाठीची घाई म्हणून एंडोस्कोपी 'पुढच्या वेळी' ठेवतात आणि पेशंट रक्ताची उलटी करत येतो. धोका आटोक्यात येतच नसेल तर डर्व्हालुमॅब-ट्रेमेलिमुमॅब हा व्हीईजीएफला हात न लावणारा पर्याय आहे.

बीपी १५०/१०० च्या वर असेल तर आधी खाली आणा. व्हेरिसेस असतील तर कार्व्हेडिलॉल दोन्ही कामं करतं. दर सायकलला लघवीची पट्टी. २+ आलं तर २४ तासांची लघवी, २ ग्रॅम किंवा जास्त प्रथिन गेलं तर बेव्हासिझुमॅब थांबवून फक्त अटेझोलिझुमॅब. हिपॅटायटिस बी साठी एंटेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिर आधीपासून चालू हवं.

मेडिसिन_रेसिडेंट (सोलापूर):
एंडोस्कोपीला नाव घातलं. इंजेक्शनचा खर्च जमला नाही तर गोळ्यांवर काय बघायचं? आणि बायोप्सीतून यापेक्षा जास्त कळेल का?

ऑन्को_डेकेअर:
लेन्व्हाटिनिब ६० किलोखाली ८ मिग्रॅ रोज, सोराफेनिब ४०० मिग्रॅ दोनदा. सोराफेनिब उपाशीपोटी किंवा कमी तेलाच्या जेवणासोबत. तेलात भिजवलेल्या शेंगा चटणीबरोबर घेतलं तर शोषण घटतं. (बुरशी धरलेले शेंगदाणे या घरात येऊच नयेत, अफ्लाटॉक्सिन आणि हिपॅटायटिस बी ही जोडी वाईट.) हाता-पायांची कातडी पहिल्या ६ आठवड्यांतच सोलते. यंत्रमागावरच्या किंवा विड्या वळणाऱ्या हातांना हे काम बंद पाडणारं ठरतं, म्हणून १० टक्के युरियाचं क्रीम पहिल्या दिवसापासून. फोड आले की डोस कमी करा, पेशंटने परस्पर औषध सोडायची वाट बघू नका. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात जुलाब लागले तर क्रिएटिनिन झपाट्याने चढतं, गुंगीही येते. फोन नंबर देऊन ठेवा.

पॅथॉलॉजी_टेबल:
या सीटीवर निदानासाठी बायोप्सी लागत नाही. केलीच, तर सीडी३४ चा स्टेन (वाहिन्यांचं अस्तर दाखवणारा) मागा. काही गाठींत एंडोथेलियम पेशींच्या पुंजक्याभोवती पूर्ण वेढा घालतं, त्याला व्हेटेक म्हणतात. असा गुंडाळलेला पुंजका जसाच्या तसा रक्तात सुटतो, पेशींना भिंत फोडून घुसावं लागत नाही, आणि तो टिकतोही जास्त. हे अँजिओपोएटिन-२ वर अवलंबून असतं. व्हेटेक असलेल्या गाठी लवकर परत उद्भवतात. सुईच्या बारीक तुकड्यात मात्र तो हुकू शकतो, म्हणून 'दिसला नाही' याचा अर्थ 'नाही' असा लावू नका.

यकृत_ओपीडी:
एक राहिलं. कुणी टीएसीई (गाठीच्या आर्टरीत केमो देऊन ती बंद करणं) सुचवलं तर ऑक्सिजन तुटल्याने नंतरच्या काही दिवसांत व्हीईजीएफ उसळी घेतं. पोर्टल शाखा बंद असताना आर्टरीही बंद करणं या पेशंटच्या यकृताला झेपेल का, हे आधी बघा.